आत्ताचं खेळणं

“तिचं सामान फार नसेलच ना?” भाऊजींनी फोनवर विचारलं आणि धाकटीच्या हाताखालची पँट मशीनच्या सुईखालून तिरकी निघून गेली.

रविवारी येतो, असं ते म्हणाले होते. दोघंही येतो. मित्राची गाडी मिळालीय, पण तिची डिकी अगदीच नावाला आहे, म्हणून आपलं विचारून ठेवलं. त्यांच्या आवाजात काही वाकडं नव्हतं. त्यांच्या आवाजात कधीच काही वाकडं नसायचं. रस्त्यांची मापं घेणारा माणूस, बोलायचाही तसाच, सरळ दोरी धरल्यासारखा. “नाही, फार नाही,” धाकटी म्हणाली. “बरं झालं,” ते म्हणाले आणि मग बहुधा आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, कारण उगीचच खोकले. फोन ठेवल्यावर तिनं पँट उलटी केली आणि वाकडी गेलेली शिवण उसवायला घेतली. मास्तर कात्री थांबवून तिच्याकडे बघत होते. ऑल्टरेशनचं हे दुकान त्यांचं. जाड झालेल्या, बारीक झालेल्या, उंच झालेल्या लोकांचे कपडे तिथं यायचे आणि मापात होऊन जायचे. “काय झालं गं?” त्यांनी विचारलं. “काही नाही. रविवारी नेतायत पोरीला,” ती म्हणाली. मास्तरांनी तिच्या पुढ्यातली दोन कामं उचलून आपल्याकडे घेतली, एवढंच.

सामान. शिवण उसवता उसवता ती मनातल्या मनात खोलीभर फिरली. लंगोट, झबली, दोन टोप्या, पांघरूण, बाटली आणि ती घासायचा ब्रश. झबली सगळी तिनंच शिवलेली, दुकानातल्या उरल्यासुरल्या चिंध्यांची, पण शिलाई अशी की कुणी बोट ठेवून दाखवावं. आणि खेळणी? तिचा हात थांबला. खेळणं म्हणून विकत घेतलेलं असं काही घरात नव्हतंच. आठ महिन्यांचं पोर आणि खेळणं नाही! गठुडं, म्हणजे तीच पोर, खेळायचं ते रिकाम्या रिळांशी. धुऊन, उन्हात वाळवून एका जाड दोऱ्यात ओवून दिलेली रिळं. नाहीतर वाटी आणि चमचा. नाहीतर बटणं भरून घट्ट झाकण लावलेली औषधाची बाटली, जिचा खुळखुळा व्हायचा. आजपर्यंत तिला यात काही कमी वाटलं नव्हतं. पगारात खोलीचं भाडं, दूध, डॉक्टर आणि खालच्या काकू बाळ सांभाळायच्या त्याचं जे काही ठरलं होतं ते, एवढं झालं की महिना संपायचा. भाऊजी पाठवायचे तेही त्यातच विरून जायचं. पण आता तिला दिसलं ते भाऊजींच्या नव्या बायकोच्या डोळ्यांनी: पिशवी उघडली आहे आणि पिशवीतून निघताहेत रिळं. ती बाई शाळेत शिकवते. काही बोलणार नाही ती. दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवेल.

धाकटीचं नाव नुसतं म्हणायला होतं. घरादारात ती धाकटीच. धाकटी म्हणजे जिच्याकडे सगळं उतरून येतं. ताईचे फ्रॉक तिच्याकडे आले, ताईची दप्तरं आली, नावं खोडलेली पुस्तकं आली, पुढं चष्म्याची फ्रेमसुद्धा आली आणि तिच्या नाकावरून जन्मभर घसरत राहिली. एकदा ताईची एका पायानं लंगडी बाहुली आली, तर ताईनं ती देताना बजावलं होतं, “हिला उजवीकडे निजवायचं हं, डावीकडे तिला झोप येत नाही.” धाकटीला राग आला होता. बाहुली दिलीस तर दिलीस, तिच्या सवयी कशाला देतेस? पण रात्री तिनं बाहुलीला उजवीकडेच निजवलं होतं. ताई पोटुशी होती तेव्हा एकदा धाकटीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली होती, पोटावर दोन्ही हात ठेवून, आणि हसत म्हणाली होती, “हे मात्र तुझ्याकडे उतरून यायचं नाही बरं का. हे माझं, माझ्यापाशीच राहणार.” दोघी केवढ्या हसल्या होत्या. त्यानंतर दवाखान्याचा तो लांबलचक, फिनेलच्या वासाचा व्हरांडा. ताईचा ताप उतरत नाही, उतरत नाही, आणि मग एकदम उतरला तो असा की अंगच गार पडलं. नर्सनं बाळ आणलं तेव्हा भाऊजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. कुणीतरी हात पुढं करायला हवे होते. धाकटीनं केले. त्या वेळी मनात काही आलं नव्हतं, माया नाही, दुःख नाही, काहीच नाही. फक्त हे किती गरम आहे, एवढंच. घडी घातलेल्या कपड्यांचं इस्त्रीवरून नुकतंच उतरलेलं गठुडं असावं तसं. ते नाव तेव्हा पडलं ते पडलंच.

“पोरीला दुसरी आई शोधायची कशाला? घरात आहे की,” असं आत्या तेव्हा चारचौघांत म्हणाली होती. भाऊजींनी खाली मान घातली होती आणि धाकटी चहाचे कप उचलून आत निघून गेली होती. पुढं कुणी तो विषय काढला नाही. भाऊजी काढतील, असं तिला वाटलं होतं का? काढू नये, असं वाटलं होतं का? ती खरंच सांगू शकली नसती. भाऊजी हवेत, असं तिला कधीच वाटलं नाही. पण या आठ महिन्यांत एखाद्या संध्याकाळी गठुडं मांडीवर असताना आत्याचं ते वाक्य तिनं पुन्हा पुन्हा काढून बघितलं होतं, ठेवणीतला कपडा बघतात तसं. अंगाला लावून, परत घडी घालून. आणि तिनंच तर सांगितलं होतं, “तुमचं बस्तान बसलं की घेऊन जा, तोपर्यंत मी आहे.” आता त्यांचं बस्तान बसलं होतं. तक्रार करावी असं एकही माणूस या सगळ्या गोष्टीत नव्हतं. सगळे आपापल्या जागी बरोबर होते, आणि तेच तिला खुपत होतं.

संध्याकाळी दुकान सुटल्यावर ती घराकडे वळली नाही. काकूंना फोन करून सांगितलं, जरा उशीर होईल. आधी ती मोठ्या दुकानात शिरली, काचेच्या दारांच्या. आत थंडगार हवा होती आणि कुठून तरी एकसारखं गाणं वाजत होतं, पण गाणारं कुणी दिसत नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं, की ते एक प्लास्टिकचं अस्वल आहे आणि ते थांबणारच नाही. तिनं एका कापडी हत्तीला उचललं. तिचं बोट आपसूक त्याच्या पोटाखालच्या शिवणीवर गेलं. टाके लांब लांब, आतला कापूस आत्ताच डोकावतोय. मग तिनं त्याच्या कानाला लावलेली किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि हत्ती जिथून घेतला होता तिथं, त्याच दिशेला तोंड करून, अगदी होता तसा ठेवला. “कोणासाठी बघताय, मॅडम?” मागं मागं फिरणारी मुलगी म्हणाली. “स्वतःच्या बाळासाठी की भेट द्यायला?” एवढा साधा प्रश्न. दोन्हींपैकी एक उत्तर द्यायचं होतं आणि दोन्ही खोटी होती. “नुसतं बघतेय,” धाकटी म्हणाली आणि बाहेर पडली. बाहेरचा उकाडा तिला बरा वाटला.

पुढच्या गल्लीत एक अरुंद दुकान होतं. बादल्या, केरसुण्या, साबणाच्या वड्या, आणि छताला जाळीत भरून टांगलेली खेळणी. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधत होता. “वर आहे,” ती म्हणाली. “अरेच्चा!” म्हणून त्यानं तो नाकावर ओढला आणि मग तिच्याकडे अशा आपुलकीनं बघितलं की आता कमी किमतीचं मागायला तिला लाज वाटली नाही. “लहान बाळासाठी हवंय. फार भारी नको.”

“भारी माझ्याकडे नाहीच. किती लहान?”

“आठ महिन्यांची आहे.”

त्यानं पुढ्यात मांडायला सुरुवात केली. खुळखुळे, पिळलं की चीं करणारं बदक, रबरी चेंडू, एकात एक बसणाऱ्या प्लास्टिकच्या रंगीत वाट्या. पण धाकटीचं लक्ष त्याच्या खांद्यावरून मागच्या फळीवर गेलं होतं. तिथं एक कापडी बाहुली बसली होती. लोकरीच्या दोन वेण्या, डोळ्यांच्या जागी काळी बटणं, अंगात खिसा असलेला झगा. कुणीतरी घरी बसून शिवलेली असावी. धाकटीला टाके इथूनच दिसत होते, बारीक, एकसारखे. “ती दाखवा ना.” त्यानं काढून दिली. “ही आठ महिन्यांना नाही चालायची,” तो म्हणाला. “बटणं तोडून गिळेल ती. तीनेक वर्षांची झाली की द्या.”

“ठेवून देतील ते. मोठी झाली की देतील.”

तो “ते” कोण, असं विचारेल असं तिला वाटलं, पण त्यानं विचारलं नाही. तिनं बाहुली हातात तोलली. हिच्या खिशात एक चिठ्ठी ठेवता येईल. नाहीतर झग्याच्या आतल्या बाजूनं, कुणाला पटकन दिसणार नाही असं, दोऱ्यानं आपलं नाव काढता येईल. तीन वर्षांची होईल तेव्हा ती विचारेल, ही कुणी दिली? आणि कुणीतरी सांगेल, मावशीनं. मग ती विचारेल, कुठली मावशी? आणि मग सांगावं लागेल. निदान एकदा तरी त्या घरात तिचा विषय निघेल. वाट्या काय, चार महिन्यांत फळीखाली जातील, एक हरवेल, एक चिरेल, उरलेल्यांत कुणी साबण ठेवेल. आठ महिन्यांच्या जिवाला कुठलंच काही आठवत नाही. चेहरा नाही, आवाज नाही, ही खोली नाही. आपण स्वतः आठ महिन्यांच्या असताना आपल्याला कुणी कुणी उचललं ते आपल्याला कुठं ठाऊक आहे! बाहुली घ्यायची असेल तर वाट्या घेता येणार नाहीत, आणि वाट्या घेतल्या तर बाहुली नाही, हे तिनं पर्स न उघडताच जाणलं होतं.

ती बाहुली धरून उभी राहिली आणि तिनं तीन वर्षांची ती मुलगी डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. येईना. शरीर मोठं झालं, फ्रॉक आला, पाय आले, धावली देखील. पण वर चेहरा तोच, आठ महिन्यांचा, बिनदातांचा, लाळ गळणारा. त्या फ्रॉकवर तो काही केल्या बसेना. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग तिला कळलं, की ती मुलगी आपल्या ओळखीची नाही. तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, डावीकडे निजते की उजवीकडे, यातलं आपल्याला काहीच माहीत नाही आणि होणारही नाही. त्या मुलीसाठी आपण बाहुली घेत नाही आहोत. आपण आपल्यासाठीच घेतोय. आणि गठुडं? त्याचं तिला सगळं माहीत होतं. उजव्या बाजूचा खालचा दात येऊ घातलाय, म्हणून हाताला लागेल ते त्या बाजूला नेऊन चावतं. एकात एक काही घातलं की त्याचा श्वास थांबतो. पिवळ्या रंगाकडे आधी हात जातो. मोठ्या आवाजाला दचकतं, म्हणून चीं करणारं बदक नकोच.

“ह्या वाट्याच द्या,” ती म्हणाली आणि बाहुली काउंटरवर ठेवली. दुकानदारानं एकदा बाहुलीकडे, एकदा तिच्याकडे बघितलं. “दोन्ही घ्या ना, थोडं इकडंतिकडं करू आपण.” तिनं मान हलवली. मग वाट्या वेगवेगळ्या करून तिनं प्रत्येकीच्या कडेवरून आधी बोट फिरवलं आणि मग, आजूबाजूला दुसरं गिऱ्हाईक नाही असं पाहून, एकेक कड जिभेला लावली. दुकानदार तोंडावर हात ठेवून हसू दाबू लागला. “चव कशी आहे?” “ही निळी बोचते,” ती गंभीरपणे म्हणाली. “हिची कड नीट कापलेली नाही.” तोही मग गंभीर झाला; दुसरा संच फोडून त्यातली निळी त्यानं काढून दिली आणि तिनं तीही चाटून पाहिली.

दोन संध्याकाळी मिळाल्या त्यांना त्या वाट्यांबरोबर. गठुडं पिवळी वाटी तोंडात धरून बसायचं, आणि धाकटीनं लहानातली लहान वाटी मोठीखाली झाकली की डोळे विस्फारून बघायचं, की आत्ता होती ती गेली कुठं. मग धाकटी मोठी वाटी उचलायची. आहे! ते खदाखदा हसायचं, सगळं अंग हलवून. पुन्हा झाकायची. पुन्हा ते सगळं विसरून शोधायला लागायचं. नाहीशी झालेली वस्तू नाहीशीच झाली असं त्याला दर वेळी खरोखर वाटत होतं की काय, कोण जाणे. एकदा वाटी उचलताना धाकटीचे डोळे भरून आले, तेव्हा त्यानं हसणं थांबवून तिच्या गालावरचं पाणी बोटानं पुसलं आणि ते बोट उजव्या हिरडीवर घासलं.

रविवारी ते आले. धाकटीनं मनाशी धरून ठेवलं होतं, की त्या बाईत काहीतरी सापडेलच. आवाज किरटा असेल, अत्तराचा भपका येईल, बाळाला बघताच “अले ले” करून झडप घालेल. त्यातलं काही झालं नाही. बाई आली ती आधी “हात कुठं धुऊ?” म्हणाली. मग चांगल्या साडीनिशी सरळ जमिनीवर बसली, बाळापासून हातभर लांब, आणि त्याच्याकडे न बघता वाट्या एकावर एक रचू लागली. गठुडं आधी टकमक बघत राहिलं. मग रांगत गेलं. मनोरा पाडला. बाईनं पुन्हा रचला. तिसऱ्यांदा पाडताना गठुड्यानं तोल सावरायला तिच्या गुडघ्यावर हात टेकला आणि तो तिथंच ठेवला. ते रडेल, असं धाकटीला वाटलं होतं. कसं समजवायचं याची तिनं तयारी केली होती. रडलं नाही.

“ह्या तुम्ही आणल्यात?” बाईनं विचारलं.

“हो. धुतल्यात.”

“छान आहेत. मी एक वाजणारं अस्वल घेतलं होतं, पण ते मला स्वतःलाच सहन होईना.” बाई हसली आणि धाकटीही हसली, आपण हसलो याचा तिला लगेच राग आला. भाऊजी पिशव्या खाली नेत होते. खरंच फार काही नव्हतं, दोन खेपांत संपलं.

मग बाई विचारू लागली. खायला काय देता, किती पातळ, आंघोळीचं पाणी किती कोमट, दात येताना ताप येतो का, कशानं दचकते. प्रश्न असे नेमके, की उत्तर न देणं शक्यच नव्हतं. धाकटीनं सगळं सांगितलं. हात न राखता सांगितलं. प्रत्येक गोष्ट सांगून झाली की ती आपल्याकडून गेली, असं वाटत होतं. शेवटी बाई म्हणाली, “आणि झोपवता कसं?”

एक गोष्ट होती. गाणं नाही, झोका नाही. दोन भुवयांच्या मधे अंगठा टेकवून तो नाकाच्या शेंड्यापर्यंत अलगद खाली आणायचा, पुन्हा, पुन्हा. पहिल्याच आठवड्यात, ते रडून रडून निळं पडलं होतं तेव्हा, काही सुचेना म्हणून तिचा अंगठा आपोआप तिथं गेला होता. कुणी शिकवलं नव्हतं. कुणाकडून उतरून आलं नव्हतं. ती धाकटीची एकटीची गोष्ट होती.

“काही नाही,” धाकटी म्हणाली. “आपली आपण झोपते.”

“खरंच? नशीबवान आहे मी,” बाई म्हणाली आणि बाळाला उचलून कडेवर घेतलं. दारात भाऊजी थांबले. “धाकटे, तू जे केलंस ना, ते मी…” सरळ दोरीसारखा तो आवाज मधेच तुटला. “येत जा गं,” ते कसेबसे म्हणाले. “येईन की,” ती म्हणाली. गाडीच्या काचेतून गठुडं तिच्याकडे बघत होतं, पण बाईच्या गळ्यातला मणी त्याच्या मुठीत होता आणि गाडी वळताना त्याची मान मण्याकडे वळली.

खालच्या काकूंनी जेवायला बोलावलं. ती गेली नाही. खोलीत केर काढला. दूध दोनदा तापवलं, मग कशाला तापवलं म्हणून ओतून दिलं. खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग राखाडी. या वेळेला ते डोळे चोळू लागायचं. आधी डावा, मग दोन्ही. मग एक वेगळंच कुरकुरणं, थकलेलं, जणू दिवसभर कुठं नोकरीला गेलं होतं. ती भिंतीला पाठ लावून बसली आणि आपल्या अंगठ्याकडे बघू लागली. टाचण्यांनी टोचून टोचून टोक खरखरीत झालेला. मला ठेवायचं होतं हे, ती स्वतःला म्हणत होती. एवढं एकच. सगळं दिलं की. पण कुरकुरणं तिच्या कानात वाढत होतं. नव्या छताखाली, नव्या वासाच्या गादीवर ते डोळे मिटून वाट बघत असेल, भुवयांच्या मधे अंगठा कधी टेकतोय याची, आणि तो येत नसेल. कुणाला सांगताही यायचं नाही त्याला. शोधायचं कुठं, तेही त्याला कळायचं नाही.

तिनं फोन लावला. भाऊजींनी उचलला आणि ते काही बोलायच्या आधीच तिला मागून ते रडणं ऐकू आलं, श्वास अडकत अडकत येणारं. “कधीपासून चाललंय गं,” ते घाबरून म्हणाले. “काही दुखतंय का, कळेना.”

“दुखत नाहीय. तिच्याकडे द्या फोन.”

फोन हातातून हातात गेला. “हं, बोला,” बाईचा आवाज आला, रडवेला, घामेजलेला.

“मघाशी मी सांगितलं नाही तुम्हाला,” धाकटी म्हणाली. “अंगठा घ्या. दोन भुवयांच्या मधे ठेवा. तिथून खाली, नाकाच्या शेंड्यापर्यंत. वर नेताना उचलायचा, घासत न्यायचा नाही.”

“असा?”

“मला दिसत नाही. हळू करा. त्याहून हळू.”

रडणं वर गेलं, तसंच तिथं थांबलं, मग त्याला एक फट पडली. हुंदका. फट मोठी झाली. धाकटीनं डोळे मिटले होते. तिचा स्वतःचा अंगठा हवेत खाली येत होता, उचलला जात होता, पुन्हा खाली येत होता. एक लांब, थरथरता उसासा आला, तो तिच्या इतका ओळखीचा होता की तिनं फोन कानावर घट्ट दाबून धरला. मग काहीच नाही.

“झोपली,” बाई अगदी हळू म्हणाली. मघाशी का सांगितलं नाहीत, असं तिनं विचारलं नाही. “काढू हात?”

“लगेच नको,” धाकटी कुजबुजली. “थोडं थांबा. अजून जागी असते ती.”

दोघी थांबल्या. फोनमध्ये नुसती शांतता होती, दुसऱ्या घरातली. तिथं कुठंतरी पंखा फिरत असावा. धाकटी ऐकत राहिली.

“आता?” बाईनं विचारलं.

धाकटीचा अंगठा अजून हवेतच होता. मग तिनं तो मुठीत मिटला.

“आता काढा,” ती म्हणाली.